मुलांच्या हाती कोंबड्या देताना: आधी अंडे, मग कोंबडी, शेवटी पिल्लू

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावी घर आहे, मागे दीड गुंठ्याचे परस आहे, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ५ वर्षांचा आहे. मुलांच्या हट्टापायी आठवडी बाजारातून गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली ६ पिल्ले आणली आणि आठवडा संपायच्या आत ती सगळी मेली. आता ‘या वेळी नीट करायचे’ म्हणून ५० पिल्ले आणि एक छोटे उबवणी यंत्र घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. अंडी कुठून येतात ते मुलांना कळावे, अंगी जबाबदारी यावी आणि जमल्यास चार पैसेही मिळावेत, असे तीन हेतू तुम्ही सांगितले आहेत.

मी सातारा जिल्ह्यात २१ वर्षे कोंबड्या पाळते आहे. साधारण तीनशे सुधारित गावरान पक्षी असतात, अंडी आसपासच्या गावांत जातात आणि भावकीतली, शेजारच्या वस्तीवरची मुले या कोंबड्यांमध्येच वाढली आहेत. त्या अनुभवावरून सांगते की ५० आणायची की २५, यंत्र घ्यायचे की नाही, हे प्रश्न नंतरचे आहेत. मूल म्हटले की ते विसरणार, कंटाळणार, एखाद्या संध्याकाळी खेळातून उठणारच नाही. ती चूक झाल्यावर पक्षी वाचतो की मरतो, हे आधी पाहावे लागते. ज्या कामात चूक झाली तरी पक्षी मरत नाही ते काम मुलाचे, आणि ज्यात मरतो ते काम घरातल्या मोठ्या माणसाचे, अशी वाटणी मी करत आले आहे. ती एकदा मान्य केली की तुमचा क्रम उलटा करावा लागतो. सगळे जण पिल्लापासून सुरुवात करतात, पण सर्वांत नाजूक पक्षी नवशिक्याच्या हाती जातो तो याच क्रमामुळे. मी म्हणेन की पहिले वर्ष अंड्यांचे आणि मोठ्या कोंबड्यांचे ठेवावे आणि पिल्ले दुसऱ्या वर्षी यावीत.

आधी त्या ६ पिल्लांविषयी, कारण मुलांच्या मनात ती अजून असतील. बाजारात रंगवून विकली जाणारी पिल्ले ही बहुधा अंड्यावरच्या जातींची नर पिल्ले असतात. ती अंडी देणार नाहीत आणि अंगालाही लवकर भरत नाहीत, म्हणून उबवणी केंद्राला त्यांचा उपयोग नसतो आणि ती मातीमोलाने बाहेर पडतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करत न्यायची असते आणि अंगावर पुरती पिसे येईपर्यंत, म्हणजे चार-पाच आठवडे, त्याला स्वतःचे तापमान नीट राखता येत नाही. बाजारातल्या उघड्या टोपलीत आणि नंतर घरातल्या खोक्यात ती ऊब मिळणे कठीणच. तुमच्या मुलांनी त्यांना जास्त हाताळले म्हणून ती मेली, असे मुलांना वाटत असेल तर तसे वाटू देऊ नका. हाताळण्याने थोडी भर पडली असेल, पण मुख्य कारण थंडी हेच असावे.

याच थंडीने मलाही एकदा धडा दिला आहे. २००८ च्या सुमारास आमच्याकडे रोज कित्येक तास भारनियमन असे. माझा भाचा तेव्हा ११ वर्षांचा होता आणि त्याने हौसेने मागितली म्हणून मी त्याला २५ पिल्ले दिली. पत्र्याचे गोल कुंपण, आत भाताचे तूस, वर दोन बल्ब, सगळे त्याच्या हाताने करून घेतले. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, बल्बपासून लांब पळून चोच उघडून बसली असतील तर फार गरम होते आहे, आणि सगळीकडे सारखी पसरली असतील तर ऊब बरोबर आहे, हेही तो आठवड्यात शिकला. नवव्या रात्री दोनच्या सुमाराला वीज गेली. तो झोपला होता, आणि मीही झोपले होते. सकाळी एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग होता, त्यातली १४ वरच्यांच्या भाराखाली गुदमरून मेलेली होती. पोरगा त्यानंतर चार महिने शेडकडे फिरकला नाही. त्याला मी जबाबदारी शिकवत होते असे मला वाटत होते. प्रत्यक्षात माझी जबाबदारी मी त्याच्या अंगावर टाकली होती.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी पाहून घ्या. गाव असले तरी घरे भिंतीला भिंत लागून असतील तर शेजाऱ्यांना विचारून घ्या, आणि कोंबडा ठेवू नका, कारण तक्रारी पहाटेच्या आरवण्यावरून येतात. शहरात असता तर सोसायटी आणि नगरपालिका यांचे नियम आधी पाहा असे म्हटले असते. दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत सगळे कुटुंब आठ-दहा दिवस बाहेर जात असेल, तर त्या काळात पाणी घालायला आणि संध्याकाळी कडी लावायला माणूस कोण, हे आज ठरवा. आणि घरात अंडी खाल्ली जातात की नाही, कोंबडी खाल्ली जाते की नाही, यावर पुढच्या कित्येक गोष्टी ठरतात. त्याकडे मी नंतर येते.

पहिल्या वर्षासाठी ६ तलंगा पुरेत. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. १४ ते १६ आठवड्यांची, लसीकरण पूर्ण झालेली घ्यावी. त्यातल्या ५ ग्रामप्रिया किंवा तशाच एखाद्या सुधारित जातीच्या घ्या आणि एक मात्र अस्सल गावरान घ्या. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालय या संस्थेने परसातल्या पालनासाठी, मुख्यतः अंड्यांसाठी तयार केलेली जात आहे आणि परसातही ती वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते. त्याच संस्थेची वनराज आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज याही आपल्याकडे मिळतात, पण त्या अंगाने भारी असतात आणि लोक त्या मांसासाठीही पाळतात. गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडीच देईल, परंतु ती खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला बसून राहते, आणि सुधारित जाती सहसा तशा बसत नाहीत. दुसऱ्या वर्षी तिचे काम पडणार आहे. पक्षी घेण्यासाठी शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारले तर जवळपास खात्रीने तलंगा वाढवून विकणारे कोण आहे तेही कळते.

६ पक्ष्यांना रात्रीसाठी ४ फूट बाय ३ फुटांचे खुराडे पुरते, म्हणजे पक्ष्यामागे २ चौरस फूट. जमिनीपासून फूट-दीड फूट उंच, आत बसायला एक गोल दांडी, कोपऱ्यात अंडी घालण्यासाठी गवत अंथरलेली दोन खोकी आणि चारी बाजूंनी अशी बारीक जाळी की जिच्यातून मुंगसाचे पिल्लूही आत शिरणार नाही. दाराला नुसती फळी लावू नका, कडी लावा. खर्च करायचाच असेल तर तो या खुराड्यावर करा, यंत्रावर नको.

कामाची वाटणी मी अशी करते. तुमच्या ५ वर्षांच्या मुलाने अंडी उचलावीत आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालावी; आकडे गिरवायला याहून चांगली पाटी नाही. ९ वर्षांच्या मुलीकडे सकाळचे पाणी, मापून खाद्य घालणे आणि वही. खुराड्याची स्वच्छता तिघांनी मिळून. तिन्हीसांजेला कोंबड्या आपण होऊन आत जातात, त्यांना हाकावे लागत नाही, तेव्हा त्या मोजणे हेही मुलीचे काम. पण कडी मोठ्या माणसाने लावायची किंवा निदान लावली आहे का ते हात लावून पाहायचे. आमच्या शेजारच्या एका मुलाकडून एकाच संध्याकाळी दार उघडे राहिले आणि मुंगसाने ५ कोंबड्या मारल्या. त्याचे वडील त्याला फार बोलले. मला वाटते की ते स्वतः एकदा अंगणात जाऊन आले असते तर कोंबड्याही वाचल्या असत्या आणि पोरगाही. पाणी घालायचे राहिले तर तासा-दोन तासांत लक्षात येते आणि ते भरून काढता येते. कडीचे तसे नाही.

कोंबडी धरायला शिकवणे हा वेगळा धडा आहे आणि तो अंधार पडल्यावर द्यावा. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती शांत बसून राहते. दोन्ही हात पंखांवरून घालायचे, पंख अंगाशी दाबून उचलायचे आणि तिचे पोट आपल्या हातावर टेकवायचे. बाजारात पाय धरून उलटी लटकवलेली कोंबडी मुलांनी पाहिलेली असते, म्हणून तीच पद्धत आहे असा त्यांचा समज असतो. तो आधी घालवावा लागतो.

लहान मुलाबाबत एक गोष्ट मी कडकपणे पाळते. निरोगी दिसणाऱ्या कोंबड्यांच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जंतू असू शकतात आणि ५ वर्षांच्या आतल्या मुलांना त्यांचा त्रास अधिक होतो. तुमचा मुलगा त्या सीमेवरच आहे. पक्षी तोंडाजवळ न्यायचा नाही, त्याचे मुके घ्यायचे नाहीत, खुराड्याजवळ काही खायचे नाही आणि अंडे उचलल्यावरही साबणाने हात धुवायचे. खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या ठेवा आणि त्या घरात आणू नका. अंडी पाण्याने धुऊन ठेवू नका, कारण कवचावर नैसर्गिक पातळ लेप असतो आणि तो गेला की कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरायला वाट मिळते. मळलेले अंडे कोरड्या फडक्याने पुसा आणि आधी खाऊन टाका.

आता वहीविषयी, कारण खरे शिक्षण तिथे होते आणि या भागावर मी थोडी रेंगाळणार आहे. वहीत रोज तारीख, अंडी किती, कोणत्या कोंबडीचे, किती वाजता आणि वजन किती, एवढेच लिहायचे. ६ कोंबड्यांत कोणाचे अंडे कोणते हे महिनाभरात ओळखू येऊ लागते. एकीचे लांबट, एकीचे गोलसर, एकीच्या कवचावर ठिपके. पायात वेगवेगळ्या रंगांची प्लास्टिकची कडी घातली म्हणजे गोंधळ होत नाही. माझी भाची १० वर्षांची असताना तिने अशी वही ठेवली होती आणि दोन आठवड्यांनी ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली. “आत्या, लाल कड्याची कोंबडी रोज उशीर करते.” सोमवारी तिचे अंडे सकाळी सातला होते, मंगळवारी आठ वाजून गेल्यावर, बुधवारी साडेनऊला, गुरुवारी अकराला, शुक्रवारी दुपारी एकला, शनिवारी अंडेच नाही आणि रविवारी पुन्हा सकाळी सातला. मी तिला म्हटले, कोंबडी उशीर करत नाही, तिचा दिवस आपल्या दिवसापेक्षा मोठा आहे.

एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. बीजकोशातून बलक सुटतो, तो अंडे जिच्यातून बाहेर येते त्या नळीच्या तोंडात पाव ते अर्धा तास असतो, पुढे सुमारे तीन तासांत त्याच्याभोवती पांढरा भाग जमतो, मग सव्वा तासाच्या आसपास कवचाच्या आतली दोन पातळ पापुद्र्यांसारखी आवरणे बनतात आणि उरलेले वीस तास निव्वळ कवच घडवण्यात जातात. एक अंडे बाहेर पडल्यावर साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो, म्हणून प्रत्येक अंडे आदल्या दिवसापेक्षा थोडे उशिरा येते. बलक दुपार उलटून गेल्यावर सहसा सुटत नाही. तेव्हा सरकत सरकत वेळ दुपारपर्यंत आली की कोंबडी एक दिवस खाडा करते आणि पुन्हा सकाळपासून सुरू होते. हे मी भाचीला आधीच सांगितले असते तर तिने ऐकून सोडून दिले असते. तिच्या स्वतःच्या वहीतून ते निघाले म्हणून तिने ते वर्गातही जाऊन सांगितले.

वही आणखीही बोलते. डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांच्या जवळपास येतो, जूनमध्ये १३ तासांच्या वर जातो, आणि कोंबडीचे अंडी देणे कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या उजेडाशी बांधलेले आहे. मोठ्या शेडमध्ये विजेचे दिवे लावून १४ ते १६ तासांचा उजेड पुरा करतात. तुम्ही ६ कोंबड्यांसाठी ते करू नका, मुलीला थंडीतला उतार वहीत दिसू द्या. एप्रिल-मे मध्ये उलट प्रकार होतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट अपुरा पडतो, म्हणून उन्हाळ्यातली कवचे पातळ निघतात. अशा वेळी सावली, दिवसातून दोन-तीनदा गार पाणी आणि छतावर ओले गोणपाट एवढे केले तरी फरक पडतो. कवच म्हणजे जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटच. हे दाखवायचे असेल तर एक अंडे व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा; कवच बुडबुडे सोडत विरघळून जाते आणि आतले अंडे मऊ पिशवीसारखे हाताला लागते. त्यानंतर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात का ठेवायचा हे मुलांना पुन्हा सांगावे लागत नाही. चुरा आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य पक्षी अंड्यावर यायच्या बेताला आल्यावरच सुरू करा, कारण वाढीच्या वयात तेवढे कॅल्शियम मूत्रपिंडाला सोसत नाही.

कोंबड्या एकमेकींना टोचतात, एक नेहमी आधी खाते, एक नेहमी शेवटी, हेही मुलगी पाहील आणि तिला ते अन्यायाचे वाटेल. नॉर्वेचे थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे लहानपणापासून कोंबड्यांच्या या भांडणांची नोंद ठेवत आणि १९२१ मध्ये त्यांनी कळपातली ही उतरंड शास्त्रीय निबंधात मांडली. टोचून रक्त येत नाही तोवर मध्ये पडू नये. खाद्याची भांडी मात्र दोन ठिकाणी ठेवावीत.

अंडी कुठून येतात या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मुले लवकरच विचारतील: अंड्यात पिल्लू असते का? कोंबडा नसतानाही कोंबडी अंडी देते, ती अफलित असतात आणि त्यांतून पिल्लू कधीच निघत नाही. बलकावर कधी दिसणारा रक्ताचा ठिपका म्हणजे गर्भ नव्हे, बलक सुटताना फुटलेली बारीक रक्तवाहिनी असते. कवचाचा रंग जातीवर ठरतो आणि बलकाचा रंग खाण्यावर. हिरवा पाला आणि मका खाणाऱ्या कोंबडीचा बलक गडद निघतो. घरी अंडी खात नसाल तर फलित-अफलित हा भेद सांगून कोणाचे मत बदलायला जाऊ नका, पण मुलांना वस्तुस्थिती ठाऊक असावी.

दुसऱ्या वर्षी थंडी ओसरल्यावर तुमची गावरान कोंबडी खुडूक बसेल. ती खोक्यातून उठत नाही, जवळ गेले तर पिसे फुलवून घुरघुरते आणि पोटाची पिसे झडलेली दिसतात. कोंबडा बाळगणाऱ्या एखाद्या वस्तीवरून १० फलित अंडी आणा आणि रात्री तिच्याखाली ठेवा. ऊब, ओल आणि दिवसातून अनेकदा अंडी फिरवणे हे सगळे ती करते आणि वीज गेली तरी तिचे काही अडत नाही. सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाला टॉर्च लावून मुलांना दाखवा. फलित अंड्यात कोळ्यासारखा तांबडा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या शिरा दिसतात, अफलित अंडे नुसतेच उजळते. एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटतात. या दिवशी मुलांना एकच गोष्ट कठीण जाते, ती म्हणजे गप्प बसणे. कवचाला पहिले भोक पडल्यावर पिल्लू बाहेर यायला कधी कधी पूर्ण दिवस लागतो, कारण उरलेला बलक आणि कवचाच्या अस्तरातल्या शिरांमधले रक्त तोवर त्याच्या अंगात जात असते. घाईने कवच सोलले तर त्याला रक्तस्राव होतो. त्याच बलकावर पिल्लू पुढे दोन-तीन दिवस न खाता राहू शकते, तेव्हा पहिल्या दिवशी ते खात नाही म्हणून घाबरू नका. या कारणांसाठी मी उबवणी यंत्र निदान दोन वर्षे घेऊ नका म्हणते. यंत्रातून पिल्ले काढणे अवघड नाही. यंत्रातून निघालेल्या पिल्लांना आई नसते, आणि मग तुम्ही पुन्हा बल्ब आणि भारनियमनापाशी येता.

आता जे बोलायला जड जाते ते. त्या १० अंड्यांतून ८ पिल्ले निघाली तर त्यांतली साधारण निम्मी नर असतील. चार-पाच महिन्यांत ते आरवू लागतील, एकमेकांशी झुंजतील आणि तुम्हाला ते कोणाला तरी द्यावे लागतील. घेणारा ते कापणार हे तुम्हाला माहीत असेल. अंड्यावरची कोंबडीही दोन-अडीच वर्षांनी कमी अंडी देऊ लागते आणि त्यानंतर कित्येक वर्षे जगते. पक्षी घरात येण्यापूर्वी ठरवा की त्यांचे पुढे काय होणार आणि ते मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. आमच्या घरी अंड्यावरच्या माद्यांना मुले नाव देतात आणि नरांना देत नाहीत, हा नियम मुलांनीच केला आहे आणि मला तो समंजस वाटतो. ‘मामाच्या गावी गेला’ असे खोटे मात्र सांगू नका. एका पाहुण्यांनी तसे सांगितले होते आणि त्यांची मुलगी पुढच्या सुट्टीत मामाकडे जाऊन तो कोंबडा शोधत बसली. व्यापारी उबवणी केंद्रांत अंड्यावरच्या जातींच्या नर पिल्लांचे काय होते, हे ५ वर्षांच्या मुलाला सांगायची गरज नाही. पण तुमच्या मुलीने ती रंगीत पिल्ले इतकी स्वस्त का होती असे विचारले तर टाळू नका, ती विचारेल त्या वयात तिला उत्तर पेलते.

पैशांचा हिशेब असा. एक मोठी कोंबडी दिवसाला सुमारे १२० ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या दुप्पट पाणी पिते. ६ कोंबड्यांचे महिन्याचे खाद्य २१-२२ किलो होते. समजा खाद्य ३५ रुपये किलो आहे, तर साडेसातशे रुपये झाले. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला ७५ अंडी धरा, म्हणजे अंड्यामागे खाद्यच १० रुपयांचे. स्वयंपाकघरातले उरलेसुरले, भाजीचा पाला आणि परसातले किडे-गवत यांनी तिसरा हिस्सा वाचला तर ते पावणेसात रुपयांवर येते. हे आकडे तुमच्या गावच्या दराने मुलीला मांडू द्या. शेडमधल्या अंड्याचा रोजचा भाव राष्ट्रीय अंडी समन्वय समिती जाहीर करते. १९८२ मध्ये कुक्कुटपालकांनी ती उभी केली, कारण त्याआधी भाव व्यापारी ठरवत असत. तो भाव रोज वहीत उतरवला की दुकानातले अंडे स्वस्त आणि आपले महाग का, हा प्रश्न तिला आपोआप पडेल. वर्षाला ३०० च्या वर अंडी देणारी पांढरी कोंबडी आणि १७० देणारी तुमची कोंबडी खातात जवळजवळ सारखेच. कमाई झालीच तर खाऊपुरती होईल. खुराड्याचा खर्च त्यातून वसूल होईल अशी आशा धरू नका आणि मुलांनाही दाखवू नका.

आजाराविषयी थोडक्यात लिहिते. मानमोडी म्हणजेच राणीखेत, या रोगावर औषध नाही, लसच आहे. पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा ही लस, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास देवीची, असा साधारण क्रम असतो. लशीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, ती ६ पिल्लांसाठी फोडणे परवडत नाही, म्हणूनही मी लसवलेल्या तलंगा घ्या म्हणते; घेताना तारखा लिहून मागा. एखादी कोंबडी मेली तर मुलांनी हात लावायचा नाही. एक-दोन दिवसांत लागोपाठ मेल्या तर उरलेल्या विकू नका, वाटू नका, थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता, तेव्हा हा धोका आपल्याला वाटतो तेवढा दूरचा नाही.

मुलांचा उत्साह तीन-चार महिन्यांत ओसरेल, हेही गृहीत धरा. तेव्हा ‘तुम्हीच मागितल्या होत्या’ असे म्हणून त्यांना बांधू नका. वही आणि अंडी गोळा करणे एवढे त्यांच्याकडे राहू द्या, बाकीचे तुम्ही करा. माझा भाचा चार महिन्यांनी परत आला तो अंडी मोजायला, आणि मग हळूहळू बाकीच्या कामांकडे.

पक्षी मे महिन्यात किंवा ऐन पावसात आणू नका. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस १६ आठवड्यांच्या तलंगा आणल्या तर संक्रांतीच्या आसपास पहिले अंडे येईल. त्याआधी काही दिवस तुरा लाल होतो, आणि पाठीवर हात ठेवला की कोंबडी पंख जरा फाकवून खाली दबते. खोक्यांत एक-एक गुळगुळीत पांढरा दगड ठेवून द्या, म्हणजे अंडी कुठे घालायची ते त्यांना कळते. पहिले अंडे लहान असेल, ४० ग्रॅमच्या आसपास. त्याचे वजन तुमच्या मुलीला करू द्या आणि तारीख मुलाला घालू द्या.